आरशातला तक्ता

माझ्या भावाला दोन गोष्टी जन्मात पटल्या नाहीत. एक म्हणजे त्याचं चुकू शकतं, आणि दुसरी म्हणजे ते त्याच्याआधी मला कळू शकतं. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर चोपन्न वर्षं मिरवला.

मी मंजुषा माळवदे. कराडला मंडईच्या मागच्या बोळात 'माळवदे चष्मेवाले' हे दुकान चालवते. डोळे तपासायची पदवी माझी, पाटी आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. दुकान खरं तर दादाकडे, धनंजयकडे जायचं. पण बारावी झाल्या झाल्या तो अण्णांना म्हणाला, "दहा फुटांच्या खोलीत लोकांना अक्षरं वाचायला लावून मी जन्म काढणार नाही," आणि गाडी शिकायला गेला. पुढं बसवर लागला. एकतीस वर्षं कुंभार्ली घाटातून कराड ते चिपळूण आणि परत. मी मात्र त्या दहा फुटांतच राहिले, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, हेही त्याला पटत नाही.

त्या खोलीचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता वीस फुटांवर लागतो. तेवढ्या लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे डोळ्याला ताण न घेता बघता येतं. आमची खोली दहा फुटांची. भिंत पाडली तर शेजारच्या पिठाच्या गिरणीत जायचं. मग अण्णांनी काय केलं, तर समोरच्या भिंतीवर सागवानी चौकटीत एक मोठा आरसा बसवला आणि तक्ता खुर्चीच्या मागे, डोक्याच्या वर टांगला. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली. गिऱ्हाइकानं समोर आरशात बघायचं, तिथं ती सुलटी दिसतात. तक्त्यापासून आरशापर्यंत दहा फूट, आरशापासून डोळ्यापर्यंत दहा फूट. किरण सरळ आला की परतून आला, डोळ्याला त्याचं काही नसतं, चाललेलं अंतर तेवढं खरं. लहान गावांतल्या कितीतरी दुकानांत अशीच सोय असते.

दादाचा आणि माझा अभ्यास त्याच खोलीत व्हायचा, कारण घरात दुसरी शांत जागा नव्हती. दिवसभर समोर माणसं तक्ता वाचायची आणि आम्ही पाढे लिहायचो. पाढ्यांच्या आधी तक्ता पाठ झाला. सगळ्यात बारीक शेवटची ओळ तर दादा जेवताना ताटावर ठेका धरून म्हणायचा, "र ग ट न, प ब म व." अण्णा वैतागायचे. म्हणायचे, "गाढवा, तुझे डोळे बिघडले तर मी तपासू कसे?" हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं विसरले होते. चष्मेवाल्याच्या मुलीनं विसरावं असं हे वाक्य नव्हतं, पण विसरले.

आमचं सगळं बरं चाललं होतं ते 'नितळ' येईपर्यंत.

नितळ म्हणजे तो आपोआप नंबर बदलणारा चष्मा. आता घरोघरी आहे, तरी त्यात काय होतं हे विचारलं तर शंभरातले नव्वद लोक खांदे उडवतात. प्रकाश हवेतून काचेत शिरला की त्याचा वेग कमी होतो, आणि तिरका शिरला असेल तर तो वळतो. किती वळायचं हे काच ठरवते. अण्णा शाळेतल्या मुलांना एक गंमत दाखवायचे. काचेची दांडी पाण्याच्या पेल्यात घातली की मोडल्यासारखी दिसायची. तीच दांडी ग्लिसरिनच्या पेल्यात घातली की बुडालेला भाग गायब. मुलं पेल्यात बोट घालून चाचपायची. त्या काचेत आणि ग्लिसरिनमध्ये प्रकाशाचा वेग जवळजवळ सारखा असतो. मग किरणाला वळायला कारण नाही, परतायलाही कारण नाही, आणि डोळ्याला मधली हद्द कळायला काही मार्ग नाही.

साध्या भिंगाचा बाक एकदा घासला की नंबर कायमचा. नितळमध्ये दोन पातळ काचांच्या मधे द्रवस्फटिकाचा थर असतो. विजेचा दाब जरा बदलला की त्यातले रेणू कूस बदलतात आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग बदलतो. काच जागच्या जागी, नंबर मात्र दुसरा. आणि कोणता नंबर हवा हे चष्म्याला कसं कळतं? तर दांडीवरच्या बारीक दिव्यातून न दिसणारा अवरक्त किरण डोळ्यात जातो, आतल्या पडद्यावरून परत फिरतो, आणि तो परत येताना किती वाकडा आला यावरून चष्मा डोळ्याची चूक ताडतो आणि ती दुरुस्त करतो. सेकंदाला शंभर वेळा. दुरुस्ती झाली की दांडीवर हिरवा ठिपका लागतो. हिरवा ठिपका म्हणजे दृष्टी शंभर टक्के.

कल्पना छानच आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या धंद्यातली एक गोष्ट त्यानं मारून टाकली, ती म्हणजे तक्रार. पूर्वी कुणी आलं आणि म्हणालं, "ताई, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा नंबर बदलला," की मी चष्मा बनवायच्या आधी त्याला साखर तपासायला पिटाळायची. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं, त्यातून जाणारा प्रकाश वेगळा वळतो, नंबर हलतो. असे कितीतरी मधुमेह मी डॉक्टरांच्या आधी पकडले. आता साखर चढते, भिंग फुगतं, आणि नितळ गुपचूप नंबर बदलून मोकळा होतो. माणसाला पत्ताच नाही. मी हे लोकांना सांगून सांगून थकले. लोक म्हणतात, ताईंचा धंदा बसला म्हणून ताई चिडल्यात.

आणि एवढं सगळं कळत असताना दादाला नितळ कुणी दिला? मीच. सहा वर्षांपूर्वी भाऊबीजेला ओवाळलं आणि त्याच्या हातात डबी ठेवली. घाटात चष्मा सारखा वरखाली करतो म्हणून मला काळजी वाटत होती. आहे का नाही अक्कल?

दादाच्या नोकरीचंही सांगायला हवं. बिनड्रायव्हरच्या बसगाड्या हायवेवर येऊन जुन्या झाल्या, पण कुंभार्लीत त्या चालत नाहीत. त्यांचे डोळे म्हणजे लेसरचे किरण. समोरच्या वस्तूवर आपटून परत आले की गाडीला अंतर कळतं. धुक्यात ते किरण पाण्याच्या थेंबाथेंबावरून चहूकडे उधळतात, गाडीला समोर भिंत उभी आहे असं वाटतं आणि ती रस्त्यातच मुक्काम ठोकते. म्हणून घाटाला माणूस लागतो. दादाला याचा केवढा तोरा. "यंत्र हरलं तिथं आम्ही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यानं तोंड उघडलं की मीच पूर्ण करते. पन्नाशीपुढच्या ड्रायव्हरला वर्षातून एकदा नुसता नितळचा दाखला चालत नाही, डोळे तपासणाऱ्या माणसाची सही लागते. दादाच्या कागदावर सही माझी असते.

यंदा मार्चमध्ये तो आला, खुर्चीत बसला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड वाचून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही. आरशाचा पारा कडेनं उडायला लागला होता, खालचा कोपरा काळा पडला होता, तरी शेवटची ओळ बिनचूक. मी म्हटलं, सत्तावन्नाव्या वर्षी असे डोळे, नशीब काढलंस. आणि दिली सही. आरशाचं मात्र मनावर घेतलं आणि काचवाल्या रफिकभाईंना पारा चढवून द्यायला सांगितलं. ते "सोमवारी नेतो" म्हणाले. ते सोमवारी आले हे खरं, पण सहाव्या सोमवारी. चौकट भिंतीत पक्की होती, म्हणून नुसती काच काढून नेली. मागे चुन्याची जुनी भिंत, तेवढा चौकोन पांढराधोप.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, अक्षय्य तृतीया होती. दादाची सुट्टी होती, म्हणून रूपालीवहिनींनी जेवायला बोलावलं. आमरस, पुरी, कुरडया. मी दारातून आत शिरले तर दादा सोफ्यावर बसून माझ्याकडे बघतोय, चेहऱ्यावर ओळख नाही. मी म्हटलं, "काय रे, ये म्हणायला तोंड दुखतं का?" तेव्हा कुठं हसला. "मंजे, तू होय. ये ये."

तो माझ्याशी बोलत होता, पण बघत होता माझ्या कानाकडे. मी जरा डावीकडे सरकले. त्याची नजर सरकली, पुन्हा कानाशीच थांबली. आता हे कुणाला चमत्कारिक वाटणार नाही, पण माझा धंदा आहे. डोळ्याच्या पडद्याचा ऐन मधला भाग, ज्यानं आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो खराब झाला की माणूस नकळत नजर जरा बाजूला ठेवायला शिकतो, म्हणजे उरलेल्या चांगल्या भागावर समोरचं चित्र पडतं.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी पुऱ्या तळत होत्या. विचारलं, "वहिनी, दादाचं दिसण्याचं काही वेगळं वाटतंय का तुम्हाला?"

झारा हातात तसाच धरून त्या थांबल्या. म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला बोलणारच होते. हे हल्ली टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. पेपर मला वाचायला लावतात, म्हणतात तुझा आवाज छान आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आत्ता आवाज छान वाटायला लागला."

"मग मला फोन का नाही केला?"

"चष्म्याला हिरवा दिवा आहे ना. मला वाटलं माझंच काहीतरी."

पंगतीला बसलो. दादानं वाटीत रस घेतला तो बोट वाटीच्या कडेला लावून, अंदाजानं. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की पडदा असाच जातो. मी सरळ विचारलं, "दादा, साखर कधी तपासलीस?"

"कशाला तपासू?"

"वय झालं म्हणून. अण्णांना होती म्हणून."

त्यानं पुरी मोडली आणि मला शिकवायला लागला. "हे बघ, तूच सांगायचीस. साखर वाढली की आधी नंबर बदलतो. माझा नंबर सहा वर्षांत बदललेला नाही. एकदा सुद्धा धूसर दिसलं नाही मला. मग साखर कुठनं येणार?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अख्ख्या कराडात हे शहाणपण फक्त आमच्याच घरात होतं, आणि ते असं त्याच्या गळ्यात अडकलं. माझ्याच तोंडचं वाक्य, माझ्याच हातचा चष्मा. नंबर बदलत होता रे बाबा, सहा वर्षं बदलत होता, फक्त तुला कळू दिलं जात नव्हतं.

"आता दिसतंय का स्वच्छ?" मी विचारलं. "खरं सांग."

"मार्चमध्ये तक्ता वाचून दाखवला ना? सही तुझीच आहे ना?"

"माझा चेहरा दिसतोय का तुला?"

"चोपन्न वर्षं बघतोय. त्यात नवीन काय बघायचंय?"

वहिनी हसल्या नाहीत. मी ताटावरून उठले. म्हटलं, "उद्या सकाळी गाडीवर जायच्या आधी दुकानात यायचं. आला नाहीस तर सही मागे घेते. डेपोत एक निरोप पाठवला की तुझी गाडी उभी राहते, तुला माहीत आहे."

"भावाच्या पोटावर पाय देशील?"

"बेचाळीस माणसं बसतात तुझ्या गाडीत."

"एकतीस वर्षांत एका माणसाला खरचटलं नाही माझ्या हातून," तो म्हणाला, आणि हे मात्र माझ्या कानाकडे नाही, ताटाकडे बघून म्हणाला.

दुपारी दुकानात येऊन मी चष्म्याच्या कंपनीला फोन लावला. तिथं माणूस नसतो, एक गोड आवाज असतो. त्या आवाजानं माझं नाव घेऊन नमस्कार केला. मी दादाचा क्रमांक दिला, बहीण म्हणून आणि तपासणारी म्हणूनही माझी नोंद आहे, त्यामुळे माहिती मिळाली.

"धनंजयजींची दृष्टी शंभर टक्के आहे," आवाज म्हणाला. "अभिनंदन."

"अभिनंदन राहू दे. गेल्या सहा वर्षांत भिंगानं नंबर किती वेळा बदलला ते सांगा."

"दुरुस्त्यांची संख्या मोठी असल्यानं ती दाखवली जात नाही. त्यामुळे वापरणाऱ्याला विनाकारण चिंता वाटू शकते."

"विनाकारण," मी म्हटलं. "बरं, मला सांगा, तुमचा किरण पडद्यावरून परत येतो. पडदा सुजलेला असला, त्यातल्या पेशी मेलेल्या असल्या, तरी तो परत येईल का?"

"किरण परत येतो याचा अर्थ प्रतिमा पडद्यावर योग्य जागी पडत आहे."

"ती पडतेय हो. पण त्या पडद्याला ती दिसतेय का?"

आवाज म्हणाला, "धनंजयजींची दृष्टी शंभर टक्के आहे. आपली तक्रार नोंदवून घेऊ का?"

मी फोन ठेवला. असं वाटलं की तो उचलून बोळात भिरकावून द्यावा. पण त्या बिचाऱ्या आवाजाचं चुकत नव्हतं, हेच डोकं फिरवणारं होतं. प्रकाश पडद्यापर्यंत नीट नेऊन सोडायचं त्याचं काम तो चोख करत होता. पुढं तो कुणी पाहिला की नाही हे विचारणं त्याच्या कामात नव्हतं. ते माझ्या कामात होतं, आणि मी मार्चमध्ये सही करून मोकळी झाले होते.

मग बसल्या बसल्या अण्णांचं ते ताटावरचं वाक्य आठवलं. गाढवा, तुझे डोळे बिघडले तर मी तपासू कसे. मी कपाळाला हात लावला. दादाला तक्ता दाखवून तपासणं म्हणजे त्याला त्याचं नाव विचारण्यासारखं होतं.

मी कार्डशीट आणली आणि मार्करनं नवा तक्ता काढायला घेतला. अक्षरं सगळी वेगळी. आरसा नव्हता, म्हणून ती सुलटी काढली. सकाळी बोळात टेपनं वीस फूट मोजून तक्ता समोरच्या भिंतीला लावायचा आणि दादाला पायरीवर बसवायचं असं ठरवलं. तक्ता काढताना मनात सारखं येत होतं की त्यानं हा वाचावा. मी मूर्ख ठरावी, त्यानं पुढची दहा वर्षं चिडवावं, पण वाचावा.

बुधवारी सात वाजता तो आला. अंगात गाडीवरचा निळा सदरा, तोंड फुगलेलं.

"पटकन उरक," तो म्हणाला. "सव्वाआठची गाडी आहे. सगळ्या सीटा भरल्यात."

"बस इथं पुढं, मी टेप शोधते," मी म्हटलं आणि काउंटरमागच्या खणात वाकले. टेप कधी जागेवर सापडली आहे? कागद, स्क्रू, जुन्या काड्या, सगळं बाहेर काढलं. त्याला थांबायची सवय नाही. पायांचा आवाज मागच्या खोलीत गेला, दिव्याचं बटण वाजलं, खुर्ची करकरली. ते बटण कुठं आहे हे त्याला बघावं लागत नाही.

मी म्हणणार होते, दादा, तिथं नको, बाहेर ये. तेवढ्यात आतून आवाज सुरू झाला.

"प. ल, त. क, घ, द."

मी नवा तक्ता हातात घेऊन दारात गेले. तो खुर्चीत ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. जुना तक्ता त्याच्या डोक्यामागे होता आणि त्याच्यावर दिवा लागला होता. समोर सागवानी चौकट होती आणि चौकटीत चुन्याची पांढरी भिंत. दादा त्या भिंतीकडे बघत होता आणि वाचत होता. ओळीमागून ओळ, अक्षरं बारीक होतील तसा जरा पुढं वाकून, डोळे किलकिले करून. मला त्याला थांबवता आलं नाही.

"र, ग, ट, न," तो म्हणाला. "प, ब, म, व. खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?"

मी हातातला तक्ता दाराला टेकवून ठेवला.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "का अजून काही काढतेस?"

"दादा, कशात बघून वाचलंस?"

"आरशात. इथं दुसरं कशात वाचतात?"

"आरसा नाहीये."

तो हसला. "वेड लागलं का तुला?"

"परवा रफिकभाईंनी नेला, पारा चढवायला. चौकटीत नुसती भिंत आहे."

त्याला वाटलं मी काहीतरी खेळ करतेय. उठला, चार पावलं चालत गेला आणि काचेवर ठेवावा तसा तळहात पुढं केला. हात चुन्यावर टेकला. त्यानं तो उचलला नाही. तसाच चौकटीच्या कडेपर्यंत नेला, लाकूड चाचपलं, पुन्हा भिंतीवर आणला. मग हात काढून बोटांना लागलेला चुना अंगठ्यानं चोळत राहिला. दांडीवरचा हिरवा ठिपका लागलेलाच होता.

मला फार राग आला होता. त्याचा, माझा, त्या ठिपक्याचा. काल दुपारपासून त्याला ऐकवायला किती वाक्यं तयार करून ठेवली होती मी. त्यातलं एकही बाहेर आलं नाही, नुसतं रडू आलं.

"कधीपासून, दादा?"

"दिवाळीपासून असेल," तो म्हणाला. अजून भिंतीकडेच तोंड होतं. "मधे एक डाग येतो. पण कडेनं दिसतं गं. रस्ता दिसतो, गाड्या दिसतात. आणि घाट मला पाठ आहे. कुठलं वळण कधी येतं, कुठं कठडा तुटलाय, कुठं धबधब्याचं पाणी रस्त्यावर येतं, सगळं पाठ आहे." मग हळू म्हणाला, "मला वाटत होतं आत्ता आरसा दिसतोय. खरंच वाटत होतं, मंजे. मी तुला फसवत नव्हतो. मला ती अक्षरं तिथं दिसत होती."

"माहीत आहे."

"मग घाटात मी काय बघत होतो?"

त्यानं चष्मा काढला, दांड्या मिटल्या आणि सदऱ्याच्या खिशात न ठेवता माझ्या हातात दिला. त्याचे उघडे डोळे मी सहा वर्षांत पाहिले नव्हते.

"डेपोत फोन लाव," तो म्हणाला. "सांग, सव्वाआठच्या गाडीला दुसरा माणूस द्या. मला त्या फोनवरचं काही दिसत नाही."

मी लावला. त्याच्या कानाला दिला. तो नेहमीसारखाच खणखणीत बोलला, "नाही, बरं आहे सगळं, पण आजपासून मी येणार नाही," एवढंच. पलीकडून काय काय विचारत होते, त्यानं ऐकून घेतलं आणि फोन परत केला. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून दहाची वेळ घेतली. आधी साखर, मग पडद्याचा फोटो. सूज असली तर इंजेक्शनं आहेत, थोडं परत येतं, कधी कधी बरंच येतं. मी त्याला हे सांगितलं. त्यानं मान हलवली. त्यानं माझं निमूट ऐकून घेतलं हेच मला सोसवेना.

मग मी कागद काढला. मार्चमधली सही रद्द करायचा आणि 'वाहन चालवण्यास अपात्र' असं लिहायचा एक नमुना असतो, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. इतक्या वर्षांत हा कागद मी कितीतरी लोकांसाठी भरला, कधी हात थांबला नव्हता. तो भरून मी सही केली, काउंटरवर त्याच्यापुढं ठेवला आणि पेन दिलं.

तो कागदावर वाकला. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. पूर्वी मी त्याला कागदावर काही दाखवायला गेले की तो ओरडायचा, मला वाचता येतं, शिकवू नकोस.

"मंजे," तो म्हणाला, "सही कुठं करायची तिथं बोट ठेव."